गुणवंतभाऊंची साईड

आमच्या गल्लीतले गुणवंतभाऊ पायी चालतानासुद्धा वळण्याआधी हात दाखवतात. भाजीची पिशवी डाव्या हातात, उजवा हात खांद्याइतका बाहेर, आणि मगच स्वतःच्या फाटकात वळणार. देवळात देवाकडे पाठ करायची नाही म्हणून मागे सरकत निघतात, तेव्हा पुजाऱ्यालाच कामाला लावतात. पुजारीही आता आरतीचं ताट बाजूला ठेवून "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" म्हणतो.

चाळीस वर्षं ट्रक चालवला की माणसाचं असं होत असावं. कापसाच्या गाठी वाहून त्यांनी आयुष्य काढलं आणि त्यातून एकच तत्त्वज्ञान मिळवलं: "मांगच्याले आपल्याहून जास्त घाई असंन." मागून हॉर्न आला की साईड द्यायची. हे फक्त रस्त्यावर असतं तर ठीक होतं. रेशनच्या रांगेत मागचा नुसता खोकला तरी भाऊ बाजूला होतात. दुपारपर्यंत त्यांचा नंबर काही लागत नाही, आणि शेवटी धान्य आणायला मंगलाला जावं लागतं.

मंगला त्यांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली, म्हणून ट्रकच्या केबिनमध्येच वाढली. ट्रकचं लायसन काढूनही तिला दोन वर्षं झाली होती. पण चाबी? ती भाऊंच्या करदोट्याला. रोज सकाळी चहाच्या वेळी बाप-लेकीची जुंपायची आणि आमच्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं.

"आलेलं भाडं कावून वापस लावता, बाबा? काल म्हने अमोशा होती, आज म्हने पाठ दुखते. चाबी द्या, मी जातो."

"मी काय मेलो का?"

तर गेल्या हिवाळ्यात अकोल्याजवळच्या एका जिनिंग कारखान्याच्या मैदानावर ट्रकवाल्यांनी शर्यत ठेवली. ट्रक रस्त्यावर चालतो तसाच आणायचा, रिकामा, इंजिनाला हात लावायचा नाही. मैदानात चुन्यानं लंबगोल आखलेला. तोही एवढासा, की तिसरा गिअर पडतो न पडतो तोच वळण. अशा दहा फेऱ्या. कोणत्या बाजूनं फिरायचं यावर अर्धा तास भांडण झालं आणि ते प्रदक्षिणेवर मिटलं. म्हणजे सारखं उजवीकडे वळायचं.

भाऊंनी त्याआधीच घरी जाहीर केलं होतं, "जितलो तं चाबी माह्यापाशी. हारलो तं तुह्यापाशी. जलमभरासाठी."

मंगलानं एकच अट घातली. शेजारच्या सीटवर कोणीतरी शहाणा माणूस पाहिजे. गल्लीतला शहाणा माणूस म्हणून माझी, म्हणजे एका निवृत्त मास्तरची, निवड झाली. माझी बायको आधी पोटभर हसली, मग तिनं मला स्वेटर दिला.

सहा ट्रक सुटले. पहिल्याच वळणावर भाऊंनी खिडकीतून हात बाहेर काढला.

"भाऊ, शर्यत आहे ही!"

"पन वळन तं आहे ना, मास्तर?"

मी रामरक्षा सुरू केली. तिसऱ्या फेरीत दोन ट्रक एकमेकांत अडकून बसले. एकाचं रेडिएटर उकळलं, एक चुन्याची रेघ सोडून थेट सरकीच्या ढिगात शिरला. भाऊ आपले आतली बाजू धरून, बाजारातून येणाऱ्या बैलासारखे, एका चालीनं फिरत होते. नवव्या फेरीला पाहतो तर काय, आम्ही पहिले! माझी रामरक्षा कधी थांबली आणि मी "दाबा! दाबा!" कधी ओरडायला लागलो, मलाच कळलं नाही.

शेवटचं वळण. मागे फक्त एक निळा ट्रक उरला होता, आणि त्यानं हॉर्न मारला.

"देऊ नका, भाऊ! आज साईड देऊ नका!" दोरीपलीकडे मंगला उड्या मारत ओरडत होती, "देऊ नका, बाबा!" बाप हरला तर चाबी तिलाच मिळणार होती, हे ती साफ विसरली होती.

भाऊंचा उजवा हात शांतपणे खिडकीबाहेर गेला आणि "जा बाप्पा" असा हलला. ट्रक डावीकडे सरकला. निळा ट्रक आतून निघून गेला. लोक पोट धरून हसले. भोंग्यावरचा माणूस म्हणाला, "अहो काका, हे काय लग्नाचं वऱ्हाड आहे का?"

भाऊंनी इंजिन बंद केलं. मी चिडलोच. "हातात आलेली शर्यत घालवली हो तुम्ही!"

"मास्तर, मले उजव्या डोयानं आरशातलं काईच दिसत नाई," ते हळूच म्हणाले. "सा महिने झाले. हॉर्न आयकू आला, पन तो किती जवळ आहे, समजेच ना. आतच राह्यलो असतो तं ठोकलं असतं."

मी आधी माझे हातपाय जागेवर आहेत का ते चाचपलं. मग जिवात जीव आला आणि राग कुठल्या कुठे गेला. "अहो, मग मंगलाला सांगायचं ना!"

"कसं सांगू? पोरगी एकटी रोडवर जाईन, अन् मी घरी कोनासंग बोलू? चाबी सोडायची तं होती, पन मलेच सोडवे ना. आज सुटली. लय हलकं वाटून राह्यलं."

मंगला धावत आली. भाऊंनी करदोट्याची चाबी काढून तिच्या हातावर ठेवली आणि दुसरीकडे पाहत म्हणाले, "पन मले संग नेजो. क्लीनर म्हणून."

चहाडी करणं मास्तरच्या रक्तातच असतं. मी तिथल्या तिथे डोळ्याचं सांगून टाकलं. मंगलाचा चेहरा उतरला. मग डोळे पुसत तिनं बापाला दटावलं, "पयले डोया दाखवू. मंग क्लीनरचं पाहू."

ऊन उतरता उतरता आम्ही अमरावतीला परत निघालो. मंगला स्टिअरिंगवर, मी मध्ये, भाऊ क्लीनरच्या जागी. मूर्तिजापूरपर्यंत त्यांच्या सूचना चालूच होत्या. "ब्रेक. गिअर पाड. गड्डा आहे." नंतर आवाज बंद झाला.

थोड्या वेळानं मंगला घाबरून म्हणाली, "काका, बाबा रागावले का? बोलून नाई राह्यले."

"झोपलेत," मी म्हणालो.

तिनं एकदा वाकून पाहिलं. "चालत्या गाडीत बाबा कधीच झोपले नाईत, काका. माह्या जलमात नाई."

भाऊंची मान माझ्या खांद्यावर पडली होती आणि ते बारीक घोरत होते. बडनेरा येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.