यंत्रणेच्या किमान गरजा

मशीन बसवायची म्हणलं की आधी माणसं नीट बसली पाहिजेत. हा नियम जगभर हाय, आमच्याकडं तो जरा जास्तच बराबर पाळतेत.

कोणत्या वस्तीला टँकर लागतो हे आमच्या पाणी ऑफिसात आतापर्यंत कडूबामामा सांगायचे. मामा तिथले शिपाई. सायकलवर फिरायचे, विहिरीत डोकवायचे, येऊन साहेबाला सांगायचे. ही पद्धत बिलकुल अशास्त्रीय होती, कारण टँकर बराबर जागी जायचा. म्हणून ऑफिसनं आकड्यांवरून तहान ओळखणारं सॉफ्टवेअर घेतलं. संगं सर्व्हर आल्ता, आन कंपनीचं पत्र: 'यंत्रणेच्या किमान गरजा आधी पूर्ण कराव्यात.'

भालचंद्र साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "यंत्रणा म्हणजे कोण? आपणच की," म्हणले. तिथून काम जल्दी झालं.

पत्रात एसी होता, तो साहेबाच्या केबिनीत बसला. अखंड वीज पाहिजे होती, तर इन्व्हर्टर उमा मॅडमच्या पंख्याला जोडला. (मॅडम टंचाईची फाईल पाहतेत. घाम आला की फाईल ओली होते.) धूळ चालणार न्हाई असं लिहिलं होतं, म्हणून साहेबांनी वस्त्यांवर जाणं बंद केलं. मेमरी चौसष्ट पाहिजे होती. कडूबामामाला सगळ्या विहिरी तोंडपाठ, म्हणून त्यांना सर्व्हरच्या खोलीत स्टुलावर बसवलं. त्यांचं वय अठ्ठावन्न. सहा कमी भरले, तसा शेरा मारला.

राह्यला सर्व्हर. तो तापायला लागला. जालन्याचा मे महिना पत्रात नव्हता. मंग त्याला पाण्याचा कूलर लावला, लग्नाच्या मांडवातला, मोठा. तो दिवसाला दोन टाक्या पितो. जादा टँकर नव्हता, म्हणून बदनापूरकडच्या वस्तीचा टँकर इकडं वळवला. तात्पुरता.

नवव्या दिवशी त्या वस्तीवरच्या द्वारकाबाई रिकामी घागर घेऊन आल्या.

"साहेब, टँकर न्हाई आला."

"मावशी, तहान लागली असं तुम्हाला वाटून राह्यलं. सिद्ध व्हायचंय अजून."

"मंग सिद्ध होस्तोर काय पिऊ? सुनंला सातवा महिना हाय. दोन कोसावरून हंडे आणून राह्यली ती."

"कोस घेत न्हाई यंत्रणा. किलोमीटर सांगा."

बाई सर्व्हरच्या खोलीत डोकावल्या. कूलर गार हवा मारून राह्यलता.

"ह्याला कुठलं पाणी?"

"तुमचंच, माय," कडूबामामा म्हणले. मेमरी व्यवस्थित चालू होती.

शेवटी पहिला अहवाल आला. द्वारकाबाईच्या वस्तीवर नऊ दिवसांत टँकरच्या पाण्याचा वापर शून्य लिटर, म्हणून गरज शून्य. सगळ्यात तहानलेली जागा: सर्व्हरची खोली. तिला दुसरा टँकर मंजूर.

नियमापरमाणं हरकती मागवल्या. कागद पंधरा दिवस ऑफिसच्या दारावर होता. हरकत एकच आली, द्वारकाबाईची. पण त्यांना लिहिता येत न्हाई, आन तोंडी हरकत यंत्रणेत जात न्हाई. लिहितावाचता येणाऱ्या कोणाचीच आली न्हाई.

तुम्हाला वाचता येतं. आत्ता वाचलंच, दोन ठिकाणी हसलेबी असाल. तुमच्या नावापुढं यंत्रणेनं 'संमती' लिहिलंय.