बापूरावांचा घास

आमचे शेजारी बापूराव घास तोंडात घालत तेव्हा मालगाडी तिगावहून सुटलेली असे, आणि तो गिळत तेव्हा तिचा गार्डाचा डबासुद्धा पांढुर्ण्याच्या फाटकातून पार झालेला असे. खोटं वाटत असेल तर फाटकवाल्याला विचारा. गल्लीतल्या म्हशी तर त्यांना जेवताना पाहून रवंथ थांबवत. लाज त्यांनाही असतेच.

हेच बापूराव एके काळी संत्र्याचे व्यापारी म्हणून कमी आणि खाणारे म्हणून जास्त प्रसिद्ध होते. लग्नघरी आचारी चूल पेटवायच्या आधी विचारी, “बापूराव येऊन राहिले काय?” हो म्हटलं की तो बेसनाचं आणखी एक पोतं फोडी.

मग अल्सर निघाला. गावात पहिला टीव्ही आला त्या सुमाराची गोष्ट. नागपूरच्या डॉक्टरनं पोटाचा निम्म्याहून जास्त भाग कापून काढला. बापूराव परतले ते इतके वाळून, की त्यांच्या जुन्या सदऱ्यात ते आणि मी दोघे मावलो असतो, वर त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, जागा उरली असती. डॉक्टरनं बजावलं होतं : थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहादा खा, घासाचं पाणी होईस्तोवर चावा, जेवताना पाणी नको, गोड बंद. बुंदीचे चार दाणे पोटात गेले तरी त्यांना खरंच दरदरून घाम फुटे आणि डोकं गरगरे.

बापूरावांनी हे धंद्याच्या भाषेत समजून घेतलं. “गोडाऊन लहान झालं, बाप्पा. आता ट्रक नाई, छकडा लावाचा.” भर लिलावात ते डबा उघडून वरण-भात काढत, आणि बोली लावणारे त्यांच्या जबड्याकडे पाहत ताटकळत.

पंचाईत झाली ती पंगतीची. आमच्याकडे पंगतीतला वडील माणूस उठल्याशिवाय कुणी उठत नाही. बापूराव चावत बसले की सगळ्यांचे हात वाळून कडक होत. एका लग्नात तर, मी स्वतः होतो, पानावर बसताना नवरदेवाची हनुवटी गुळगुळीत होती, उठला तेव्हा चांगली दाढी आली होती. कुणी घाई केली की बापूरावांचं ठरलेलं, “चावून राहिलो नं! पोट कोनाचं कापलं, तुह्यं का माह्यं?”

अशात सौसरला काकूंच्या भावाच्या, श्यामरावांच्या, मुलीचं लग्न निघालं. बापूराव त्या घरचे जावई, आणि जावयाचा मान पहिल्या पंगतीचा. तो चुकला की जावई बायकोला घेऊन तडक निघतो आणि तिचं माहेर तुटतं. अशी माहेरं आम्ही पाहिलेली. श्यामराव मांडवात हात जोडून उभे राहिले.

“भाऊजी, वरातीची बस उभी हाये. पाव्हन्यायले लवकर सोडा लागते. तुमी... शेवटच्या पंगतीले बसान काय?”

काकू वरणाचं भांडं घेऊन होत्या तिथेच थबकल्या. मी निघायच्या तयारीनं पिशवी शोधू लागलो.

“बसतो नं,” बापूराव म्हणाले. “काऊन नाई बसनार?”

शेवटची पंगत म्हणजे सकाळपासून वाढून थकलेल्या घरच्या बायका आणि उरलेसुरले आम्ही. तिला कुणी पंगत समजत नाही. पहिला घास घेतो न घेतो तोच मागून ओरडा सुरू होतो, “आटपा वो बाई, गंज-भांडे घासाचे हायेत!” तसा तो झालाही. पण या वेळी पंगतीत जावई होता.

“झालं नं, भाऊजी?” श्यामरावांनी विचारलं.

“चावून राहिलो नं.”

आता पत्रावळ उचलायची कुणाची छाती? बायका मांडी सैल करून बसल्या. कुणी भात मागितला, कुणी विहिणीच्या लुगड्यावरून हसलं.

“श्याम्या, बुंदी आन इकडे.”

“भाऊजी, तुमाले गोड चालत नाई नं?”

“माह्यासाठी कोन मांगते? तुह्या बहिनीले वाढ.”

लग्नघरात काकूंना मी आजवर उभंच पाहिलं होतं, वाढताना. दुसऱ्यांदा बुंदी घेताना त्या जरा लाजल्या.

मी बापूरावांच्या शेजारीच होतो. त्यांची पत्रावळ केव्हाची स्वच्छ झाली होती. “पाहू द्या,” म्हणत श्यामरावांनी वाकून पाहिलं, तर यांचा जबडा आपला चालूच, आणि डोळा तिरपा, काकूंच्या पानावर.

काकूंनी मठ्ठ्याचा द्रोण संपवून खाली ठेवला. मग बापूरावांनी तो तोंडात नसलेला घास सावकाश गिळला, आणि उठले.