सोनबा गव्याचा जोडीदार

बाळांनो, एका जंगलात सोनबा नावाचा गवा राहत होता. अंगाने डोंगराएवढा, स्वभावाने लाजाळू. त्याआधी अकरा वर्षं तो नदीपलीकडच्या जंगलात मल्हारी गव्याबरोबर सुखाने नांदला होता. पण इकडे आई म्हातारी झाली, तिला डोळ्यांनी दिसेना, म्हणून सोनबा परत आला. मल्हारी मागोमाग येणार होता.

बाहेरच्या जोडीदाराला जंगलात आणायचं तर परवाना लागे, आणि त्याची कचेरी नदीकाठी होती. तिथे बगळा बसे. नियम साधा होता: नराने मादी आणावी, मादीने नर. मंगळवारी ओळख झालेली बायको तरसाने बुधवारी आणली, तेव्हा बगळ्याने तिला वाकून नमस्कार केला होता. मल्हारीचा अर्ज मात्र त्याने तीनदा उलटसुलट करून वाचला.

बगळा तसा वाईट नव्हता. मल्हारीला नोकर म्हणून लिहा, नाहीतर चुलतभाऊ लिहा, लगेच सोडतो, असं त्यानेच सुचवलं.

सोनबा म्हणाला, "तो माझा जोडीदार आहे. दुसरं काही लिहिलं तर तो आत येईल, पण आम्ही दोघं बाहेरच राहू."

अर्ज नामंजूर झाला. दोन पावसाळे गेले. रोज संध्याकाळी दोघे दोन काठांवर उभे राहत. पूर आला की एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नसे.

शेवटी आईच चाचपडत दरबारात गेली. तिथे कोल्हा प्रधान सिंहमहाराजांना समजावत होता, की हा नियम मोडला तर जंगलाची घडी विसकटेल, झाडं उन्मळतील, पिल्लं बिघडतील.

आई म्हणाली, "महाराज, मला दिसत नाही. नर कोण, मादी कोण, ते तुमचे प्रधान बघोत. पण माझा पोरगा नदीवरून परत येतो ना, तेव्हा त्याची पावलं मला ऐकू येतात. तेवढी हलकी करा."

सिंहाने नियम मागवला. 'नर' आणि 'मादी' खोडून तिथे 'जोडीदार' लिहिलं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मल्हारी नदी ओलांडून आला. आईने त्याचं कपाळ हुंगलं आणि किती वाळलास, म्हणाली. सोनबाने त्याच्या मानेवरचा चिखल चाटून काढला.

घडी विसकटताना बघायला सगळं जंगल झुडपांआड बसलं होतं. कोल्ह्याने पुढची जागा धरली होती. दुपारपर्यंत दोघा गव्यांनी पाला खाल्ला, आईला पाण्यावर नेलं, आणि बांबूचे कोवळे कोंब कुणी संपवले यावरून थोडं भांडण केलं. मग ते रवंथ करत बसले. प्रेक्षक कंटाळून घरी गेले.

तात्पर्य: बाळांनो, वाईट कायदा बदलण्याची घाई कधी करू नये. बदलल्यावर काहीच बिघडत नाही, आणि मग इतकी वर्षं आपण कशाला घाबरत होतो, हे पिल्लांना सांगताना मोठ्यांची फार पंचाईत होते.