डाव्या मुंढ्यातला अर्धा इंच

सोमवार, ९ डिसेंबर. पहाटे धुके, साडेनऊनंतर स्वच्छ ऊन. वारा नाही.

आज वही उघडली तेव्हा पहिली चार वाक्ये कै. त्रिंबकराव सरंजामे यांच्या आवाजात बोलली आणि पुढची सहा कै. यमुताई देवस्थळी यांच्या. माझ्या आवाजात एकही नाही. आमच्या गावात लिहिलेले वाक्य ज्याच्याकडून आले त्याच्याच आवाजात बोलते, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते.

माझी शाळा सातवीत सुटली. तेव्हापासून मी ब्लाऊज शिवते. लिहायला शिकले ती कित्ता गिरवून. रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी सरंजामे यांच्या पुस्तकातल्या पाच ओळी आणि देवस्थळीबाईंच्या पुस्तकातल्या पाच उतरवून काढायच्या, मग दिवसाची नोंद. असे बावीस वर्षे केले. एवढा सन्मान मी देवालाही दिलेला नाही.

शनिवारी भाऊ रमाकांत आईला कायमची नागपूरला नेणार आहे. तिला आता दिसत नाही. सोबत माझी एक वही हवी म्हणाली. मी चालू वही उघडून तिच्या मांडीवर ठेवली. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"यात एक बाप्या खोकत बोलतो आणि मग एक बाई त्याला गप्प करते," ती म्हणाली. "तू कुठे आहेस गं? मला तिथे तुझा आवाज पाहिजे. परक्या माणसांना घेऊन कशाला जाऊ?"

मंगळवार. ऊन. आवाज नोंदणी कार्यालयात गेले. तिथले कारकून गवाणकर यांनी वही उघडून पान ऐकले आणि अर्ज पुढे सरकवला. आवाज काढायचा तर मालकाची संमती लागते. मालक दोघेही मयत असल्याचे मी सांगितले. त्यांनी मयतांची सुनावणी गुरुवारी अकराला असते असे सांगितले. ते येतात का, असे मी विचारले.

"जिवंत लेखकांपेक्षा वेळेवर येतात," गवाणकर म्हणाले.

गुरुवार. ढगाळ, पण पाऊस नाही. दोघेही पावणेअकराला हजर होते. सरंजामे कोट घालून आले होते. देवस्थळीबाई खुर्चीला पाठ न टेकता बसल्या. मी दोघांच्या पाया पडले आणि मग अर्ज वाचून दाखवला.

सरंजामे यांनी एका वाक्यात सात मिनिटे उत्तर दिले. सारांश असा की, त्यांची पुस्तके वाचनालयाने माळ्यावर टाकली आहेत आणि या गावात ते आता फक्त माझ्या वहीत बोलतात.

"तिथूनही काढलेत, तर मी कुठे जाऊ, बाई?" त्यांनी विचारले.

"लांबण लावू नका," देवस्थळीबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "मी जाईन. पण गेल्यावर काय उरते ते आधी बघा."

नियमात तशी सोय होती. गवाणकर यांनी दोघांना पाच मिनिटे पानाबाहेर थांबायला सांगितले. पान कोरे झाले. वरची तारीखही गेली, कारण ती लिहायची पद्धत सरंजामे यांची.

मी अर्ज मागे घेतला. त्यामुळे दोघांचा वहीतला मुक्काम कायम झाला आणि त्यांना वाक्याबाहेरही बोलण्याची मुभा मिळाली.

शुक्रवार. ढग गेले, थंडी वाढली. सकाळपासून नवे पान लिहीत होते. थंडीबद्दल लिहिले, ते सरंजामे यांनी घेतले. 'आई उद्या जाणार' एवढेच लिहिले, ते देवस्थळीबाईंनी घेतले. आपण सांगू त्यापेक्षा बरे कोणी सांगू शकत नाही अशा खात्रीने ते बोलत होते, आणि ते खरेही होते. दुपारपर्यंत सरंजामे यांची चार झाली, बाईंची सहा. मी खोडले नाही. जेवले आणि परत बसले.

चारला कात्री घेतली. आईचा प्रवासाचा ब्लाऊज राहिला होता. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, कापून झाला आणि तशीच वहीकडे वळून मी अकरावे वाक्य लिहिले: 'आईच्या डाव्या मुंढ्यात अर्धा इंच जास्त ठेवला, कारण तो हात वर करताना ती श्वास धरते.'

सरंजामे खोकले. "आईच्या डाव्या..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. "मुंढा म्हणजे काय हो, यमुताई?"

"माहीत नाही. मी शिंप्याकडे टाकत असे."

"आणि श्वास धरते, हे हिला कसे कळले?"

"ते मलाही कळले नसते," देवस्थळीबाई म्हणाल्या. "तुम्ही सरका."

दोघांनीही ते घेतले नाही. मी ब्लाऊजला हूक लावेपर्यंत वाक्य तसेच पडून होते. मग वाक्य आपणहून बोलले. आवाज माझा होता, थोडा घोगरा.

शनिवार, १४ डिसेंबर. ऊन. पान ३१२. एकूण वाक्ये अकरा. सरंजामे चार, देवस्थळी सहा, स्वतःचे एक. आईने ते तीन वेळा ऐकले. सव्वादहाच्या गाडीने ती वही घेऊन गेली.