वहाबसरांची बाळापूर मोहीम

वीज गेली की आमची अमरावतीची सगळी गल्ली शिव्या द्यायची. शेजारचे वहाबसर तेवढे दुवा द्यायचे आणि दुर्बीण घेऊन गच्चीवर पळायचे. कॉलेजात ते फिजिक्स शिकवत, मी केमिस्ट्री. पण त्यांचा जीव अडकला होता एका ब्लेझारमध्ये.

ब्लेझार म्हणजे लांबच्या दीर्घिकेतलं असं कृष्णविवर, की ज्याच्या झोताचं तोंड नेमकं आपल्याकडे. त्याचा उजेड सारखा कमीजास्त होतो. सर त्याला 'पेशंट' म्हणत आणि रोज वहीत नोंद करत. आकाश झाकलेलं असेल तर रकान्यात 'ढग'. अकरा वर्षांत दुसरं कारण नाही. सरांच्या पत्नी, आमच्या भाभी, वारल्या त्या रात्रीचीसुद्धा नोंद आहे.

"एका उजेडात पाहून काही समजत नाही," हे त्यांचं पालुपद. "डोळ्याले शांत दिसते अन् एक्स-रेमंदी भडकेल असते. रेडिओवाला, एक्स-रेवाला, गॅमावाला, सगळ्यायनं एकाच टायमाले पाहाले पाह्यजे."

त्या वर्षी कापूस गेला. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. कुठल्या तरी गावात कोणी तरी शेतकऱ्यानं जीव दिलेला असायचाच. सरांचा धाकटा भाऊ रशीद अकोल्याजवळच्या बाळापूरला एकटा राहून शेती करायचा. रोज फोनवर एवढंच म्हणायचा, "ठीक हाये, भाईजान."

"हा तं एकच उजेड झाला," सर मला म्हणाले. "गडबड हाये."

"मग जाऊन या ना, सर."

"अन् पेशंट?"

शेवटी त्यांनी भावावरच मोहीम काढली. बाळापूरच्या चहावाल्यानं पाहायचं, रशीद बोलतो किती. न्हाव्यानं, दाढी करतो का. इमामसाहेबांनी, नमाजला येतो का. मी अमरावतीहून जाऊन, घरात चूल पेटते का. आणि सगळ्यांनी एकाच वेळी, मंगळवारी संध्याकाळी सहाला.

व्हायचं तेच झालं. सहाला आम्ही चौघंही रशीदच्या अंगणात, न्हावी तर पेटीसकट. रशीद बाजेवर बसला होता, दाढी वाढलेली. त्यानं एकेकाकडे पाहिलं आणि विचारलं, "काहून? कोण मेलं?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. तो हसला नाही.

"चार माणसं धाडली. सोता काहून नाही आले?" मग हळूच म्हणाला, "भाईजान जेवतात का बराबर? मले आता कोनाशी बोलाचंच नाही वाटत. फोन त्यायच्यासाठीच उचलतो. नाही उचलला तं ते रातभर गच्चीवर येरझारा घालतीन."

चूल थंड होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सरांना शब्द न शब्द सांगितला. त्यांनी चष्मा पुसला. आकाश निरभ्र होतं, वीजही नुकतीच गेली होती.

"अकोल्याची गाडी किती वाजता हाये?" त्यांनी विचारलं.

आठ दिवसांनी दोघं भाऊ रिक्षातून उतरले. त्या रात्री मी गच्चीवर गेलो तेव्हा रशीद दुर्बिणीला डोळा लावून कुरकुरत होता, "मले तं काहीच दिसून नाही राहिलं."

मी सहज वही चाळली. आठही रात्री आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. आठही रकान्यांत सरांनी लिहिलं होतं: 'बाळापूर'.