चांगुणाबाई नेहमीच नवीन

आमच्या हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ रोज सात मिनिटं मागे पडतं. नात म्हणते, "आजी, भंगारात दे ना ते!" मी देत नाही. ते मला माझ्या हुशारीबद्दल मिळालेलं बक्षीस आहे, आणि ती हुशारी म्हणजे मी आजवर केलेला सर्वांत मोठा गाढवपणा. तो मी ज्यांच्या बाबतीत केला त्या चांगुणाबाई. राहणार कोन गाव, व्यवसाय नवीन असणे.

हे शेवटचं समजावून सांगायला हवं.

पनवेलजवळच्या एका औषधांच्या कंपनीत मी टाइम ऑफिसात कारकून होते. चांगुणाबाई बाटल्या तपासायच्या खात्यात होत्या. उजेडाच्या फळीसमोर बसायचं, इंजेक्शनची बाटली उलटी करायची, आत केस, कण, धागा दिसतो का बघायचं. दिसला तर बाजूला टाकायची, नाही दिसला तर 'पास'. आठ तास हेच. डोळ्यांतून पाणी यायचं, ते पदराला पुसायचं आणि पुढची बाटली घ्यायची.

कंपनीत हजेरीची कार्डं दोन रंगांची होती. पांढरं पर्मनंटांचं, पिवळं टेंपररींचं. सलग ठराविक दिवस भरले तर माणसाला पर्मनंट करावं लागलं असतं, म्हणून ते भरायच्या आत कंपनी पिवळ्यांना 'ब्रेक' द्यायची. आठ-दहा दिवस घरी बसा, मग या, नवा फॉर्म भरा, नवं कार्ड घ्या, नवा नंबर घ्या. कागदावर माणूस कोरा करकरीत. बायका रडायच्या, शिव्या द्यायच्या, परत यायच्या.

चांगुणाबाई रडल्या नाहीत. त्यांनी कंपनीचं म्हणणं शब्दशः मान्य केलं. कंपनी म्हणते मी नवीन, तर मी नवीन!

ब्रेकनंतरच्या पहिल्या दिवशी त्या धुतलेलं नऊवारी लुगडं नेसून, डब्यात साखर घेऊन यायच्या. दारावरच्या वॉचमनला विचारायच्या, "दादा, बाटल्यांचा खाता कनच्या बाजूला हाय?" त्याच वॉचमनने आदल्या महिन्यात त्यांच्या घरची वालाची भाजी खाल्लेली असायची. मग प्रत्येक बाईपुढे साखर धरून, "मी चांगुणा. आजच लागले. तुजा नाव काय गो?" तीस बायकांना तीसदा. नंतर सुपरवायझर वागळ्यांपुढे हात बांधून उभ्या. "साहेब, मना काय ठाव नाय. जरा शिकवाल का?"

वागळे कपाळ बडवून घ्यायचे. "अगं चांगुणा, बारा वर्षं झाली तुला इथे! मला तू शिकवलंस!"

"मी? कार्ड बघा ना साहेब. तारीख आजची हाय."

वागळे चिडले की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "नव्या मानसाला रागं भरू नये, साहेब." मग वागळे मुकाट्याने बाटली हातात घेऊन दाखवायचे, अशी धरायची, अशी उलटी करायची. चांगुणाबाई तोंडावर हात ठेवून, "अगो बया, केवढा कठीण!" आणि अख्खं खातं हसून लोटपोट.

नव्यांना मोठे साहेब आगीपासून बचावाची माहिती द्यायचे, तिथे त्या दर वेळी पहिल्या रांगेत. एकदा हात वर करून विचारलं, "साहेब, आग लागली तं आमी टेंपरवारींनी लगेच पलायचा, का आदी पर्मनंटवाल्यांना जाऊ द्यायचा?" साहेबांनी प्रश्न लिहून घेतला. उत्तर अजून आलेलं नाही.

फॉर्म माझ्या टेबलावर भरला जायचा. नाव, गाव, वय. 'पूर्वीचा अनुभव' या रकान्याशी आलं की त्या पुढे वाकून, गुपित सांगावं तसं म्हणायच्या, "नाय लिवा."

आणि मी ठसठशीत अक्षरांत लिहायचे, 'नाही.' खाली पट्टीने लाल रेघ ओढायचे.

आता या पट्टीवालीबद्दल सांगते. वय वर्षं सत्तावीस, नाकावर चष्मा, डोक्यात हवा. चांगुणाबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, पण मी त्यांना 'अगं चांगुणा' म्हणायचे आणि त्या मला 'म्याडम'. कारण माझ्याकडे टेबल होतं. साहेब मला 'सुमनबाई, तुम्ही कंपनीचा कणा आहात' असं म्हणायचे, आणि ते ऐकून मी घरी जाईपर्यंत ताठ चालायचे. माझंही कार्ड पिवळंच होतं. मलाही ब्रेक मिळायचा. पण मी त्याला ब्रेक म्हणायचे नाही, 'साहेबांनी विश्रांती दिली' म्हणायचे. असा तो कणा!

एकदा चांगुणाबाई अचानक गप्प झाल्या. साखर नाही, थट्टा नाही. भोंग्याच्या आधी हजर. गौरी-गणपतीलाही रजा नाही. एकदा तर अंगात ताप असताना येऊन बसल्या. मी विचारलं, "काय गं, सुधारलीस वाटतं?" त्या म्हणाल्या, "म्याडम, मरायच्या आदी एकदा जुनी होयाचा हाय मना. पर्मनंट बाईला कंपनी डोल्यांचा डाक्टर देते ना?" मी म्हटलं, देते. त्या गेल्या. मला काहीही कळलं नाही. कण्याला डोकं नसतं.

दोन महिन्यांनी मला कळलं. कार्डांच्या मांडणीची झाडझूड करत होते, तर पांढऱ्या कार्डांच्या रांगेत, मधोमध, एक पिवळं. चांगुणाबाईंचं! मी विश्रांतीवर असताना माझ्या जागी आलेल्या माणसाने ते चुकून तिथे खोचलं होतं. ब्रेकची यादी मी पिवळ्यांच्या रांगेवरून करायचे, त्यामुळे चांगुणाबाई सोडून कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी बोटांवर हिशेब केला. त्यांचे दिवस भरायला चार दिवस बाकी होते. चारच. मी ते कार्ड तसंच ठेवून चहा प्यायला गेले असते, तरी जगात कोणाचं काही बिघडलं नसतं.

पण मी चहा प्यायला गेले नाही. खजिना सापडल्यासारखी ते कार्ड नाचवत साहेबांच्या खोलीत धावले. दार उघडं, माझा आवाज मोठा. "साहेब, बघा काय पकडलं! मी नसते तर चांगुणा पर्मनंट झाली असती!"

संध्याकाळी चांगुणाबाईंना ब्रेक मिळाला. वार्षिक समारंभात मला घड्याळ. त्यावर कंपनीचं नाव आहे, माझं नाही.

दहा दिवसांनी त्या परत आल्या. सगळं खातं वाट बघत होतं. साहेबांच्या आगीच्या भाषणालासुद्धा लोक त्यांच्यासाठी थांबले होते. साखरेचा डबा नव्हता. वॉचमनला रस्ता विचारला नाही. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मी फॉर्म भरत गेले आणि 'पूर्वीचा अनुभव'शी माझं पेन अडलं.

"लिवा ना, म्याडम," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं. लाल रेघ तेवढी वाकडी आली.

खात्यात वागळे स्वतःच उठून पुढे आले, हातात बाटली घेऊन, हसत. "काय चांगुणा, शिकवायचं ना?"

"येतं मना, साहेब," असं म्हणून त्या जागेवर बसल्या आणि बाटली उलटी केली.

त्यानंतर त्या तिथे आणखी सहा वर्षं होत्या. ब्रेक चालूच राहिले, त्या मात्र पुन्हा कधी नवीन झाल्या नाहीत. पुढे टाइम ऑफिसात मशीन आलं, अंगठा लावायचं, आणि साहेबांनी मला कायमची विश्रांती दिली. कण्यावाचून कंपनी छान चालली. त्या दिवशी दारातून बाहेर पडताना पहिल्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला. उजेडाच्या फळीसमोर मी एकदाही बसले नव्हते, म्हणून इतका वेळ लागला असावा.

चांगुणाबाईंकडे जाऊन सांगायचं, हे मी तेव्हापासून ठरवत होते. कोन काही काशीला नाही, नवीन पनवेलहून रिक्षा जाते. पण गेले नाही. आधी मुलांच्या परीक्षा होत्या, मग गुडघे होते. खरं सांगायचं तर तोंड नव्हतं.

गेल्या महिन्यात डॉक्टरकडून खोकल्याचं औषध घेऊन येत होते. पनवेलच्या बाजारात तळ्याच्या बाजूला एक म्हातारी गोणपाटावर वालाच्या शेंगा घेऊन बसलेली. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. मी नाव सांगितलं. "म्याडम!" म्हणून त्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं, आणि मी काही बोलायच्या आत माझ्या पिशवीतली औषधाची बाटली काढली. उलटी केली, उन्हासमोर धरली. आधी डाव्या डोळ्यापुढे. मग मान हलवून उजव्या डोळ्यापुढे, अगदी चष्म्याला टेकवून. बराच वेळ बघितलं. खोकल्याचं ते काळंकुट्ट औषध, त्यातून कोणालाच काही दिसलं नसतं.

"पास," त्या म्हणाल्या आणि बाटली माझ्या पिशवीत परत ठेवली.

मग मला राहवेना. इतक्या वर्षांचं घोकलेलं सगळं भडाभडा सांगून टाकलं. पांढरी रांग, चार दिवस, साहेबांची खोली, घड्याळ. त्या शेंगा निवडत ऐकत होत्या. मधेच गिऱ्हाईक आलं, त्याला शेंगा मोजून दिल्या. मी पुन्हा सुरुवात केली, तर त्यांनी ओंजळभर शेंगा माझ्या पिशवीत टाकल्या आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ठाव हाय मना. दारातच उबी होती मी, सगला ऐकला. तू तवा नवीन होतीस गो. नव्या मानसाला रागं भरू नये."