मुंगी नाचायला तयार आहे!

"मुंगी तयार आहे!" जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून मशीनवाल्यानं जाहीर केलं. "शंभर टक्के तयार! नाचाच्या क्लासला घालायची, आणि याच महिन्यात घालायची!"

मुंगी म्हणजे त्याची साडेचार वर्षांची लेक. आणि मशीनवाला म्हणजे बावीस वर्षं लोकांची वॉशिंग मशीनं दुरुस्त करणारा एक अत्यंत हुशार गृहस्थ. हुशार हे त्याचंच मत. फोनवर मशीनचा नुसता आवाज ऐकून तो सांगायचा, "बेअरिंग गेलंय," किंवा "आत किल्ली अडकलीय, बहुतेक तुमच्या यजमानांची." आणि ते खरं निघायचं! त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीचं निदान आपण दोन मिनिटांत करू शकतो, अशी त्याची पक्की समजूत झाली होती.

"कशावरून तयार आहे?" बायकोनं विचारलं. ती नर्स होती. 'निदान' या विषयावर तिची स्वतःची मतं होती.

"रोज डोळ्यांनी बघतोय! आपलं मशीन कपडे पिळायला लागलं की ही त्याच्यासमोर काय पाय आपटते! हात काय पसरते! मागे काय सरकते! ठेका म्हणून चुकत नाही!"

"मशीनचाच ठेका चुकलाय त्याचं काय? दोन वर्षं सांगतेय, पाय बसवा त्याचा! जगाची मशीनं ताळ्यावर आणता, आणि आपलं मेलं घरभर हिंडतं!"

हे मात्र खरं होतं. त्याच्या घरच्या मशीनचा पुढचा डावा पाय आखूड होता. कपडे पिळायला लागलं की ते 'धडक धडक धुम' करत जागचं हलायचं आणि मोरीपासून पार स्वयंपाकघरापर्यंत येऊन ठेपायचं. असं झालं की आपोआप बंद पडायची सोय असते त्यात, पण ती यानंच कधीतरी काढून टाकली होती. उगाच कटकट नको म्हणून!

आता खरी गोष्ट सांगायला हवी. मुंगी घरात सकाळपासून नुसती बडबडायची, पण उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की गप्प. बालवाडीच्या बाईंनी वर्षभरात दोनदा विचारलं होतं, "ही बोलते ना हो घरी?" कुणी पाहुणे आले तर ही पडद्यामागे. पडद्याखालून फक्त पाय दिसायचे. मशीनवाल्याच्या ते फार जिवाला लागलं होतं. घरातली ही मुंगी एकदा, फक्त एकदा, जगानं बघावी एवढंच त्याला हवं होतं. ते सरळ बोलायला गेला असता तर आवाज जड झाला असता, म्हणून तो टेबलावर मूठ आपटत होता.

पहिल्या रविवारी तो तिला घेऊन क्लासला गेला. दुसऱ्या मजल्यावर मोठा हॉल, एका भिंतीला आरसे, गुळगुळीत लाकडी फरशी. बाई पन्नाशीच्या, आवाज असा की कोपऱ्यातला पंखासुद्धा सांभाळून फिरत असावा. बाईंनी गाणं लावलं. वीस मुलं उड्या मारायला लागली. मुंगी खांबाला चिकटून उभी राहिली. गाणं संपलं. दुसरं संपलं. मुंगी खांबापाशीच.

"वर्षभर थांबू या," बाई म्हणाल्या. "अहो, घाई काय आहे? अर्धा तास आई-बापाशिवाय राहता यायला हवं, चार मुलांत मिसळता यायला हवं. तोवर पळू दे, खेळू दे."

"पण बाई, घरी नाचते हो ती!"

"सगळ्यांचीच घरी नाचतात," बाई म्हणाल्या.

हे वाक्य त्याला फार झोंबलं! सगळ्यांची म्हणजे? मुंगी काय सगळ्यांतली आहे? "पुढच्या रविवारी एक संधी द्या," तो हात जोडून म्हणाला. "नाही नाचली तर वर्षभर तोंड दाखवणार नाही." बाई बिचाऱ्या भल्या होत्या. हो म्हणाल्या.

घरी येताना जिन्यातच त्याचं निदान झालं. मुंगीत काही बिघाड नव्हता, बिघाड होता बाईंच्या गाण्यात! तिला सवय 'धडक धडक धुम'ची. त्या ठेक्यावर ती नाचते. मग तो ठेका तिथे नेला की झालं!

आधी त्यानं फोनवर आवाज भरून घेतला आणि मुंगीला ऐकवला. मुंगीनं फोनकडे बघितलं, मशीनकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, ते तर बंद आहे." आणि चित्र काढायला बसली.

म्हणजे मशीनच न्यायला हवं.

तुम्ही-आम्ही इथे थांबलो असतो. पण मशीनं उचलून जिने चढण्यात ज्याची हयात गेली, त्याला यात काही विशेष वाटलं नाही. दुसरा माणूस हवा होता, तो म्हणजे मुंगीचा मामा. त्याचं झेरॉक्सचं दुकान, रविवारी बंद.

"भावोजी, ताईला विचारलंत का?" मामानं मशीनची एक बाजू धरत विचारलं.

"ती ड्युटीवर आहे. ती यायच्या आत मशीन जागेवर! तिला कळणारसुद्धा नाही!"

मशीन हॉलमध्ये आलं तेव्हा बाई आरशासमोर केस बांधत होत्या. त्यांनी आरशातच बघितलं. मग मागे वळून बघितलं.

"हे काय आहे?"

"साथीला आणलंय," मशीनवाला म्हणाला.

बाईंना काही सुचायच्या आत त्यानं प्लग लावला आणि निघू नये म्हणून वरून टेप गुंडाळली. कामात चोख माणूस! ठेका नीट यावा म्हणून आत काहीतरी ओलं, जड, एका बाजूला गोळा होणारं लागतं. ते घरून निघतानाच टाकलं होतं. काय टाकलं, याकडे गडबडीत लक्ष नव्हतं. पाणी पडायला खाली बादली ठेवली आणि बटण दाबलं.

धडक. धडक. धुम.

"मुंगे, नाच!" तो आनंदानं ओरडला.

मुंगीऐवजी मशीन नाचायला लागलं! घरच्या खडबडीत फरशीवर जे एका ठेक्याला वीतभर सरकायचं, ते या गुळगुळीत फरशीवर हातभर सरकू लागलं. वीस मुलांनी एकदम आरोळी ठोकली आणि सगळी मशीनच्या मागे रांगेत, धडक धडक धुम, धडक धडक धुम! बादली कलंडली. मशीनवाला धावला आणि मशीनला मिठी मारून त्याला थांबवायला लागला. पण तीस किलोचं धूड उधळल्यावर मिठीला जुमानतं होय? दोघं गिरक्या घेत आरशांकडे निघाले!

"अहो, प्लग काढा प्लग!" बाई ओरडल्या.

"टेप लावलीय!" मिठीतून उत्तर आलं.

"तुमच्याबरोबरचे ते कुठे गेले?"

मामानं केव्हाच पोबारा केला होता.

आणि तेवढ्यात खांबाजवळून एक खणखणीत आवाज आला.

"थांब! तिकडे नाही जायचं!"

हॉलभर घुमला तो आवाज! मुंगी धावत मशीनसमोर आली. दोन्ही हात पसरले. पाय आपटला. एक पाऊल मागे सरकली, पुन्हा पाय आपटला. अगदी घरच्यासारखं! तेच हात, तेच पाय! पण आज मशीनवाला मशीनच्या बाजूनं बघत होता, आणि त्याला पहिल्यांदाच कळलं की हा नाच नाही. पोर मशीनला अडवत होती!

"ए, तू उंच आहेस ना?" मुंगीनं दोन वेण्यांच्या एका मोठ्या मुलीला हुकूम सोडला. "झाकण उघड! झाकण उघडलं की थांबतं! आणि तुम्ही मागे व्हा सगळे, पाय चिरडेल!"

वेण्यावालीनं झाकण उघडलं. ड्रम घरघरला, आचका देऊन थांबला. आरसा चार बोटांवर होता.

बापानं मशीनची मिठी सोडली.

"मुंगे... तू रोज हेच करत होतीस?"

"मग काय!" मुंगी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आई म्हणते ना, हे मशीन एक दिवस घर सोडून चालतं होईल. तू नुसता बघत बसतोस, आई दमलेली असते. मग कोण अडवणार?"

एवढीशी पोर! कित्येक महिने घराची राखण करत होती, एकटी, आणि बाप शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होता. मशीनवाल्याला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते मशीनचं असावं असं दाखवत त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

बाई मुंगीसमोर उकिडव्या बसल्या. आता त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "तुला इथे यायचंय का गं? या सगळ्यांबरोबर?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मुंगीला कुणी विचारलाच नव्हता. मुंगीनं वेण्यावालीकडे बघितलं. वेण्यावाली हसली.

"हो," मुंगी म्हणाली. "पण बाबा नको."

"का गं?"

"बाबा मधे मधे येतो."

बाई उठल्या. "ही तयार आहे. आजपासूनच राहू दे." आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा. ते पण घेऊन जा."

दार लागलं. मशीनवाला जिन्याच्या तोंडाशी मशीनला टेकून उभा राहिला, कारण ते खाली न्यायला दुसरा माणूस नव्हता. आत गाणं सुरू झालं. पाय आपटल्याचे आवाज यायला लागले. त्यातला मुंगीचा कुठला, हे बावीस वर्षांच्या अनुभवानंसुद्धा त्याला ओळखता येईना. मग तिच्या हसण्याचा आवाज आला. तो मात्र बरोब्बर ओळखला.

फोन वाजला.

"अहो, लवकर घरी या! चोरी झालीय!" बायको धापा टाकत होती. "मशीन नेलं मेल्यांनी! भिजत घातलेला माझा उद्याचा ड्युटीचा ड्रेससुद्धा नेला! शेजारच्या काकूंनी बिनचष्म्यानं का होईना, डोळ्यांनी बघितलं, दोन माणसं उचलून नेत होती, आणि एक लहान मुलगी पुढे चालून त्यांना वाट दाखवत होती! इतक्या लहान पोरांना शिकवतात हो हे लोक!"

"अगं... ती मुलगी आपलीच."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आत्ता कुठंय ती?"

"आत आहे. क्लासात. एकटी राहिलीय, माझ्याशिवाय. नाचतेय, हसतेय!" त्याचा आवाज शेवटी जड झालाच. "सगळे बघतायत गं तिला. फक्त मलाच आत घेत नाहीत."

बायकोनं नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिनं अगदी शांतपणे विचारलं, "आणि ती दोन माणसं?"

"त्यातला एक तुझा भाऊ होता!" मशीनवाल्यानं घाईघाईनं सांगून टाकलं.